मुलीला फेन्सिंगसाठी सोलापूर सोडायला लावू का?

ताई, वाचणाऱ्या इतर पालकांनाही संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. तीन वर्षं फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजी, करते; हत्यार एपी, या खेळातल्या तीन हत्यारांपैकी एक. यंदा शालेय राज्य स्पर्धेत कांस्य मिळालं आणि तेव्हापासून घरात एकच धोशा, "मला इंडियाकडून खेळायचंय." मिस्टर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की नववीलाच शाळा सोडवून बाहेरगावच्या अकादमीत टाका, नाहीतर उशीर होईल. तुमचे प्रश्न तीन: पाठवू का, खर्च किती, आणि पुढं यावर पोट भरतं का.

मी एपीच खेळलो. राष्ट्रीय पदकं आहेत, सहा-सात वेळा परदेशात देशाचं जॅकेट घालून उतरलो, जागतिक क्रमवारीत पहिल्या तीनशेत मात्र कधी आलो नाही. गेली सोळा वर्षं सोलापुरात पोरांना शिकवतोय. म्हणजे शिखर जवळून पाहिलेला माणूस समजा, चढलेला नव्हे.

सरळ उत्तर असं: आत्ता पाठवू नका. दोन-तीन वर्षांनी बहुधा पाठवावं लागेल. ते का, हे कळायला हा खेळ आंतरराष्ट्रीय पातळीवर चालतो कसा ते आधी समजून घ्या, कारण आपल्याकडे त्याची कल्पना फार धूसर आहे. फेन्सिंग म्हटलं की निम्म्या लोकांना तारेचं कुंपण आठवतं. मला मंगळवेढ्याहून एकानं फोन करून चार एकराचा भाव विचारला होता. उरलेल्या निम्म्यांना शिवजयंतीची मिरवणूक आठवते. "पोरं पाठवा ओ सर, दांडपट्ट्याबरोबर तुमचंबी होऊन जाईल," असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. मर्दानी खेळाबद्दल मला आदर आहे, पण आमच्या पातीला धार नसते, टोकाला बटण असतं आणि त्यातून निघालेली वायर खेळाडूच्या बाहीतून पाठीमागं यंत्राला जाते.

तिच्या हत्याराचं थोडं सांगतो. एपीत डोक्यापासून बुटापर्यंत कुठंही टच चालतो. फॉईलमध्ये फक्त धड, सेबरमध्ये हाताचे पंजे सोडून कमरेच्या वरचं सगळं. फॉईल आणि सेबरला हल्ल्याचा हक्क कुणाचा हे पंच ठरवतो. एपीत तसलं काही नाही, ज्याचं टोक आधी लागलं त्याचा गुण. दोघांचे टच एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत आले तर दोघांनाही गुण. त्यामुळे एपी हा वाट बघण्याचा, समोरच्याला चुकायला लावण्याचा खेळ आहे, आणि त्यात पिकायला वेळ लागतो. रुमानियाची आना मारिया पोपेस्कू टोकियोत रौप्य जिंकली तेव्हा ३६ वर्षांची होती. त्यामुळे तेराव्या वर्षी "उशीर होईल" म्हणणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्यातरी खेळाचं घड्याळ तुमच्या भिंतीवर लावलंय. जिम्नॅस्टिक्सचं असेल.

आता "इंडियाकडून खेळणं" म्हणजे काय. तिच्या मनात बहुधा एक सामना आहे, एक झेंडा आहे. प्रत्यक्षात ती एक लांबलचक वजाबाकी-बेरीज आहे. जागतिक संघटनेचे, म्हणजे एफआयईचे, वयोगट आहेत: १७ वर्षांखालील कॅडेट, २० खालील ज्युनियर, मग सिनियर. सिनियरच्या हंगामात विश्वचषक मालिका, ग्रां प्री, आशियाई अजिंक्यपद आणि जागतिक अजिंक्यपद. विश्वचषक म्हणजे क्रिकेटसारखा चार वर्षांतून एकदा येणारा नव्हे, हंगामात वेगवेगळ्या देशांत अनेक होतात. विश्वचषक स्पर्धेत शेवटच्या ६४ मध्ये पोचलं की २ गुण, ३२ मध्ये ४, १६ मध्ये ८, आठात १४, आणि जिंकणाऱ्याला ३२. ग्रां प्रीला हेच दीडपट, जागतिक स्पर्धेला अडीचपट. गुण बारा महिनेच टिकतात. गेल्या वर्षी ज्या स्पर्धेत कमावले ती पुन्हा आली की जुने पुसले जातात. एक वर्ष घोटा दुखावून घरी बसलात तर क्रमवारीतली तुमची जागा उन्हाळ्यातल्या कंबर तलावासारखी आटत जाते.

आणि या स्पर्धांत स्वतःहून नाव देता येत नाही. प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेकडूनच जाते. म्हणजे आधी राज्य, मग राष्ट्रीय, मग निवड चाचणी, मग राष्ट्रीय क्रमवारीत वरच्या चार-आठ नावांत टिकून राहणं. निवड झाली तरी सरकारी खर्चानं जाणारे थोडे, स्वखर्चानं जाणारे बरेच. माझं पहिलं निवडपत्र हातात पडलं तेव्हा व्हिसासाठी नऊ दिवस उरले होते. कुठल्या टेबलावर ते पडून होतं हे आजपर्यंत कळलं नाही. त्या वेळी मी गेलोच नाही. तेव्हा मुलीचा पासपोर्ट आजच काढून ठेवा. गंमत नाही करत, या उत्तरातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच आहे.

दुसऱ्या वेळी गेलो. युरोपातली एक विश्वचषक स्पर्धा, क्रीडागृहात पंचवीस-तीस पिस्ट मांडलेल्या. पिस्ट म्हणजे आमची पट्टी, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद. आधी पूल असतात: सहा-सात जणांचा गट, प्रत्येकाशी पाच टचची बाउट, म्हणजे लढत, तीन मिनिटांची. क्रमवारीतले पहिले सोळा त्या दिवशी हॉलवर फिरकलेसुद्धा नाहीत, त्यांना पूल नसतोच, ते दुसऱ्या दिवशी थेट ६४ मध्ये.

माझी पहिली बाउट. पंच प्रत्येक एपी तपासतो. एपी उभी धरायची, टोक वर, आणि टोकावर ७५० ग्रॅमचं पितळी वजन ठेवायचं. दाबलं की दिवा लागतो, सोडलं की टोकाच्या आतल्या स्प्रिंगनं ते वजन उचलून वर आलं पाहिजे. माझ्या टोकानं नाही उचललं. मी जन्मात ते वजन विकत घेतलं नव्हतं, घरी अंगठ्यानं दाबून "आहे की टाईट" म्हणायचो. पिवळं कार्ड. दुसरी एपी पुढं केली. टोकाला दोन बाजूंनी दोन बारीक स्क्रू असतात, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. एक गायब. प्रवासात बॅगेत कुठंतरी गळाला असणार. लाल कार्ड, म्हणजे समोरच्याला एक गुण. पंचानं अजून "ऑन गार्ड", म्हणजे तयार व्हा, म्हटलेलं नव्हतं आणि मी ०-१ नं मागे.

समोर सतरा-अठरा वर्षांचा हडकुळा पोरगा होता. त्यानं मला मनगटाच्या खालच्या बाजूला, ग्लोव्हच्या शिवणीपाशी, लागोपाठ तीनदा टोचलं. तिन्ही टच एकाच जागी. दुसऱ्या टचनंतर मला कळलं होतं तो काय करतोय: माझं टोक दोन बोटं खाली येईपर्यंत थांबायचं, मग आत. कळून काही उपयोग झाला नाही, कारण असा हात मला आयुष्यात कधी भेटलाच नव्हता. राष्ट्रीय स्पर्धेत मला हरवणारे होते, पण सगळे ओळखीचे. कोण कधी लंज मारणार, म्हणजे पुढचा पाय टाकून झेपावणार, हे त्यांच्या श्वासावरून समजायचं. त्या दिवशी सहापैकी एक बाउट जिंकलो, ती पण समोरच्याचा पाय मुरगळला म्हणून. बाद. विमान, व्हिसा, हॉटेल, सगळं मिळून अठरा मिनिटांच्या आतला खेळ.

ती सहा बाउटची शिकवणी मात्र पुढं दहा वर्षं पुरली. म्हणूनच तुम्हाला सांगतो, सोलापूरच्या पोरांना कमी पडतात ते निरनिराळे हात. मेहनत आणि चपळाई इथल्या पोरांकडे मुबलक आहे. सुरुवातीची काही वर्षं आम्ही एका मंगल कार्यालयाच्या शहाबादी फरशीवर सराव केला, लग्नाच्या तिथी सोडून. फरशीवर लंज मारून मारून पोरांच्या नडग्या दुखायच्या, पण त्यातून राज्य पदकं निघाली. साधनांवाचून इथवर येता येतं. तुमची मुलगी आठवड्यात पाच दिवस ज्या नऊ-दहा पोरांशी खेळते, त्यांचा हात तिला पाठ झालाय, शेजारच्या गल्लीतल्या कुत्र्याचं भुंकणं ओळखावं तसा. त्यात एकही डावखुरा नाही. डावखुऱ्यासमोर एपीतली सगळी भूमिती उलटी होते, मनगट भलत्याच बाजूनं उघडं पडतं. राज्य स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ती ज्या मुलीशी हरली ती डावखुरी होती हे मी मुद्दाम विचारून घेतलंय.

भवानी देवीचं उदाहरण सगळे देतात, मीही देतो, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. सी. ए. भवानी देवी चेन्नईची, हत्यार सेबर, ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय फेन्सर. २०२१ मध्ये टोकियोत तिनं ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीला १५-३ असं हरवलं आणि पुढच्या फेरीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ हरली. २०२३ मध्ये चीनमधल्या वूशीला आशियाई अजिंक्यपदात तिनं त्या वेळची जगज्जेती, जपानची मिसाकी एमुरा, १५-१० अशी घरी पाठवली आणि कांस्य घेतलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं पदक. हे वाचताना लोक पदक बघतात, मी पत्ते बघतो. शाळेनंतर चेन्नई सोडून केरळात थलस्सेरीला साईच्या, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या, केंद्रात, सागर लागू यांच्याकडे. मग तिथूनही उठून इटलीत लिव्होर्नोला, निकोला झानोत्तींच्या हाताखाली. लिव्होर्नो हे समुद्रकाठचं बंदर आहे, पण तिथल्या हॉलमध्ये रोज जे सेबर फिरतात ते आपल्याकडे वर्षातून एकदाही भेटत नाहीत. टप्प्याटप्प्यानं ती जास्त कठीण हातांकडे सरकत गेली. आणि हो, तिच्या पहिल्या परदेशी स्पर्धेत, तुर्कस्तानात, तीन मिनिटं उशिरा पोचली म्हणून तिला काळं कार्ड मिळालं होतं, म्हणजे थेट स्पर्धेबाहेर. माझ्या हरवलेल्या स्क्रूला बरी सोबत आहे.

एवढं होऊनही २०२४ च्या पॅरिसला आपल्या देशाचा एकही फेन्सर नव्हता. मार्ग किती अरुंद आहे ते यावरून धरा. शिवाय एपीत आशिया हाच मोठा डोंगर आहे. पॅरिसला महिला एपीचं सुवर्ण हाँगकाँगच्या व्हिव्हियन काँगला गेलं, अंतिम फेरीत १-७ नं मागे पडून १३-१२. टोकियोचं चीनच्या सुन यिवेनला. दक्षिण कोरियाही आहेच. म्हणजे तुमच्या मुलीला आशियाई पदक हवं असेल तर ऑलिंपिक विजेत्यांच्या सावलीतूनच जावं लागेल. मी तिला घाबरवत नाही. तिला हे कळलेलं बरं, आणि तेरा वर्षांची पोरं आपल्यापेक्षा लवकर कळून घेतात.

मग नववीलाच का नाही पाठवायचं? तीन कारणं मला दिसतात, त्यातलं एकच महत्त्वाचं आहे. तिला अजून स्वतःचं हरणं वाचता येत नाही. मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, उपांत्य फेरीत कशी हरलीस? ती म्हणाली, "सर, ती फास्ट होती." हे उत्तर घेऊन पोरगी मोठ्या अकादमीत गेली तर तिथं रोज हरेल, रोज "ती फास्ट होती" म्हणेल, आणि वर्षभरात गप्प होईल. अशी दोन पोरं मी स्वतः पाठवली आणि स्वतः परत आणली. एकानं त्यानंतर मास्क हातात धरला नाही. ती चूक माझी होती, अकादमीची नव्हे. तिला "माझं टोक खाली येत होतं", "मी मागच्या दोन मीटरच्या पट्ट्यात अडकले आणि घाईत लंज मारला" असं सांगता यायला लागलं की मी स्वतः तुमच्या घरी येऊन म्हणेन, आता पाठवा.

तोपर्यंत इथंच राहून बाहेरचे हात गोळा करायचे. महिन्यातून एक रविवार पुण्याला जाता येतं, सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस त्यासाठीच असल्यासारखी आहे. सुट्ट्यांत दहा-बारा दिवस छत्रपती संभाजीनगरला. तिथं साईच्या केंद्रात फेन्सिंग वर्षानुवर्षं रुजलंय आणि राज्यातले चांगले खेळाडू त्या भागातून बरेच येतात. तुळजापूर, धाराशिव, बीड करत एसटीनं जायचं. लांब बॅग बघून कंडक्टर "बंदूक हाय का काय?" विचारेल, उघडून दाखवायची तयारी ठेवा. शिबिरात तिनं निम्म्या बाउट हरल्या पाहिजेत. सगळ्या जिंकून आली तर शिबिर चुकीचं निवडलं. सगळ्या हरली तरी तेच.

आता पैसा. सुरुवातीचं देशी किट तुम्ही घेतलंच आहे, त्याबद्दल बोलत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला एफआयई मान्यतेचं किट लागतं. पोशाख ८०० न्यूटन दाब सोसणारा, मास्कची गळपट्टी १६०० न्यूटनची, पाती मॅरेजिंग नावाच्या खास पोलादाची. हे नखरे नव्हेत. १९८२ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत तुटलेलं पातं मास्कमधून आत घुसलं आणि सोव्हिएत विजेता व्लादिमीर स्मिर्नोव गेला, त्यानंतर सगळं बदललं. एक चांगलं एफआयई पातं आज दहा हजारांच्या घरात जातं आणि हंगामात दोन-तीन तरी मोडतात. पूर्ण किट लाखाच्या पुढं. युरोपातली एक स्पर्धा, तिकीट-व्हिसा-राहणं धरून, माझ्या हिशेबानं दीड ते दोन लाख. सिनियर क्रमवारीत टिकायचं तर अशा पाच-सहा तरी लागतात. तुमच्या पगारात हे बसत नाही. बहुतेक कुणाच्याच बसत नाही, त्यामुळे त्याची लाज वाटून घेऊ नका.

हा पैसा येतो तो टप्प्यानं. खेलो इंडियात निवड झाली तर वर्षाला ६.२८ लाखांची तरतूद असते. त्यातले महिन्याला १० हजार हातखर्चाचे खेळाडूच्या खात्यात येतात, बाकी प्रशिक्षण, राहणं, आहार, स्पर्धांवर जातात. दरवर्षी आढावा होतो, कामगिरी घसरली की नाव गळतं. त्याच्यावर टॉप्स ही केंद्राची योजना आहे, ऑलिंपिकच्या वाटेवर असलेल्यांसाठी. पण खेलो इंडिया आणि टॉप्स यांच्यामध्ये जी दरी आहे, साधारण अठरा ते तेवीस वर्षांची, तिथंच आपले बहुतेक फेन्सर पडतात. ज्युनियर संपलेलं, सिनियरला गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून निधी नाही, निधी नाही म्हणून गुण नाहीत. त्या वयात कर्ज काढून मुलीला युरोपला पाठवू नका. मी काढलं होतं. सहा वर्षं फेडलं, आणि ज्या स्पर्धेसाठी काढलं तिथं पहिल्याच फेरीत गेलो. बायको अजून त्या देशाचं नाव टीव्हीवर आलं की चॅनल बदलते.

सुवर्णपदक मिळालं की पैशाचा प्रश्न सुटतो असंही समजू नका. व्हेनेझुएलाचा रुबेन लिमार्दो २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा एपी विजेता. करोनाच्या काळात प्रायोजक आटले तेव्हा तो पोलंडमध्ये सायकलवरून जेवणाचे डबे पोचवत होता आणि संध्याकाळी सराव करत होता. पुढं टोकियोलाही उतरला. पोटासाठी वेगळी सोय लागते, हे जगभरच्या एपीवाल्यांना ठाऊक आहे.

म्हणून शाळा. अमेरिकेची ली किफर टोकियोत आणि पॅरिसमध्ये फॉईलचं वैयक्तिक सुवर्ण जिंकली, आणि ती वैद्यकीय शिक्षण घेत होती. तुमच्या मुलीनं डॉक्टर व्हावं असं म्हणत नाही, पण दहावी-बारावी नीट पार पडली पाहिजे यावर मी अडून बसणारा माणूस आहे. दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत आहे, तिचे अर्ज शाळेकडून वेळेत जातात का ते तुम्हीच पाहा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात, फाईलमध्ये, पाणी न लागलेलं हवं, आणि क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. माझ्या एका विद्यार्थिनीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र पावसात भिजलं आणि दुय्यम प्रत मिळवायला दीड वर्ष गेलं. पोलीस, रेल्वे, सेनादलं इथं खेळाडू भरती होते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून (एनआयएस) प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो. इंग्रजी चांगलं असेल तर पंचगिरीची वाट आहे, एफआयईची परीक्षा हत्यारागणिक वेगळी असते. आणि ज्याला हातानं बारीक काम जमतं त्यानं आर्मरर व्हावं: वायरी, टोकं, यंत्रं दुरुस्त करणारा माणूस राज्यात बोटावर मोजण्याइतका मिळतो. मागच्या पिढीत घरोघरी हातमाग-यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या या गावात असे कारागीर अजून सापडायला हवेत, पण पोरांना त्यात कुणी ओढत नाही. असो.

शरीराचं दोन ओळीत. हा एका बाजूचा खेळ आहे. उजव्या मांडीचा घेर डाव्याहून वाढायला लागतो, कंबर त्या बाजूला खेचली जाते. आठवड्यातून दोन दिवस तिला पोहायला घाला. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ ला जातो तेव्हा पूर्ण पोशाखात संध्याकाळी सहाच्या आत सराव करू देऊ नका, कोणीही सांगितलं तरी, मी सांगितलं तरी. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि सरावानंतर तासाभरात जेवण. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी चालते, पळते. पावडरीचे डबे कुणी विकायला आलं तर बाहेरूनच परत पाठवा. त्यात काय मिसळलंय याची जबाबदारी डोपिंगच्या नियमात खेळाडूवरच येते.

वयाचा साधारण नकाशा मी असा धरतो. पंधरापर्यंत इथं, हात गोळा करत. सोळा-सतराला कॅडेटच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठात सातत्य दिसलं तर निवासी केंद्र, दहावी झाल्यावर. वीसपर्यंत ज्युनियरच्या आशियाई संघात नाव आलं तर पुढचा खर्च आणि पुढची स्वप्नं बोलू. नाही आलं तर ती विद्यापीठाकडून खेळेल, शिकवेल, नोकरी करेल, आणि एपीत पंचविशीतही दार बंद होत नाही. यातलं वेळापत्रक चुकू शकतं. माझ्या हिशेबाबाहेर जाऊन पुढं गेलेली पोरं आहेत.

मुलीला एक वही घेऊन द्या, चाळीस पानी पुरे. प्रत्येक हरलेल्या बाउटनंतर तीन ओळी: समोरच्याचा हात कुठला, शेवटचे दोन टच कुठं लागले, त्याआधी माझं टोक कुठं होतं. जिंकलेल्या बाउट लिहायच्या नाहीत. पहिला महिना ती "फास्ट होती" असंच लिहील, लिहू द्या. तुम्ही वाचू नका, मी वाचेन.

आणि येत्या रविवारी सकाळी सातला तिला कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलावर घेऊन या. पंढरपूरहून एक डावखुरा पोरगा येतो, एकोणीस वर्षांचा, हाडाचा चिवट. त्याच्याशी तिला पाच-पाच टचच्या सहा बाउट खेळवतो. दोन्ही एपी आणायला सांगा, आणि निघायच्या आधी टोकाचे चारही स्क्रू जागेवर आहेत का ते तिचं तिला बघू दे.